इंटिग्रेशन इंजिनचे दोन सर्व्हर: एक राखीव की दोन्ही कामावर?

सोलापुरात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. इथल्या मोठ्या रुग्णालयात लॅब, एक्स-रे आणि बिलिंगमधले एचएल७ (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचं प्रमाण) संदेश पोहोचवणारं इंटिग्रेशन इंजिन रात्रीही बंद पडून चालत नाही.

अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह रचनेत एक सर्व्हर काम करतो, दुसरा तयार असतो. पहिला पडला की कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल आयपी (दोघांचा सामायिक नेटवर्क पत्ता) दुसऱ्याकडे नेतं. थोडा खंड पडतो. पोच न मिळालेला संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेने पुन्हा पाठवायचा.

अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्हमध्ये पुढे एचएप्रॉक्सी हा भार वाटणारा बॅलन्सर आणि मागे दोन्ही सर्व्हर कामावर. ऐकायला छान. पण एमएलएलपी (एचएल७ संदेश नेण्याची पद्धत) जोडणी बहुधा तासन्‌तास उघडीच राहते, आणि टीसीपी (नेटवर्क जोडणीच्या) पातळीवरचा बॅलन्सर जोडण्या वाटतो, संदेश नव्हे. म्हणजे लॅबची एकच जोडणी असेल तर तिचा सगळा ओघ एकाच सर्व्हरवर! तो ओघ फोडलाच, तर क्रम बिघडू शकतो. ए०३ (डिस्चार्ज) आधी आणि ए०१ (भरती) नंतर पोहोचला, तर घरी गेलेला रुग्ण पुन्हा खाटेवर दिसेल. वॉर्डातल्या सिस्टरांना हा घोळ निस्तरावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एका रुग्णालयासाठी मी अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हच निवडेन. अनेक शाखांचा भार एका सर्व्हरला खरोखरच पेलेना, तरच दुसरा पर्याय. डेटाबेस दोन्ही सर्व्हरना सामायिक असेल, तर त्याची रेप्लिका (जुळती प्रत) दोन्ही रचनांत लागतेच.