युनिव्हर्सल रिमोट आणि होम असिस्टंट: परभणीत वर्षभर वापरल्यावर

आमच्या परभणीच्या घरात रिमोटवर चालणाऱ्या वस्तू अशा: हॉलमध्ये टीव्ही, डीटीएचचा बॉक्स आणि टीव्हीला मागून खोचलेली फायर टीव्ही स्टिक, आतल्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आणि तीन खोल्यांत बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणारे, पंखे. बिनारिमोटचे दोनच गडी, पत्र्याचा मोठा कूलर आणि बोअरची मोटर. मोटर सोडून बाकी सगळं होम असिस्टंटला, म्हणजे घरातली यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडून उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही हंगाम बघून झाले, म्हणून आता लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते. आज साडेतीन देते, आणि त्यातला एक तरी घरात पडून असलेल्या जुन्या डीटीएच रिमोटच्या वाट्याचा आहे. त्याचं पुढे सांगते.

युनिव्हर्सल रिमोट म्हटलं की अजूनही कुणीतरी लॉजिटेकच्या हार्मनीचं नाव काढतंच. तो नाद सोडा. ते रिमोट बनवणं थांबवल्याचं लॉजिटेकनं एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलंय. हार्मनीतली खरी चांगली गोष्ट म्हणजे ‘टीव्ही बघायचाय’ असं एकच बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स, इनपुट सगळं जागच्या जागी येणं. ती होम असिस्टंटमध्ये एका स्क्रिप्टवर, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या हुकमांच्या यादीवर, मिळते. होम असिस्टंट फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि आपल्या घरातल्याच एखाद्या जुन्या संगणकावर चालतं. रिमोटच्या जागी आता एक छोटी डबी येते, आयआर ब्लास्टर. वायफायवरून हुकूम घ्यायचा आणि इन्फ्रारेडमधून पुढे फेकायचा, एवढंच तिचं काम.

आधी मी तयार ब्लास्टर आणला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेकांची तऱ्हा सारखीच. फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालतं, आणि राउटरचे २.४ आणि ५ हे दोन्ही बँड एकाच नावाचे असतील तर जोडताना डोकं पिकतं. कंपनीचं ॲप परदेशातल्या सर्व्हरवरून बोलतं. आमच्या गल्लीत नळाच्या पाइपसाठी जेसीबी आला आणि फायबर तुटलं, तेव्हा समोर दोन हातांवरचा टीव्ही ॲपवरून बंद होईना. होम असिस्टंटमधून तीच डबी घरातल्या घरात चालते, त्यामुळे तो प्रश्न मिटला. म्हणून विकत घेण्याआधी एकच विचारा: इंटरनेट नसताना हे चालतं का? दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

खरी अडचण मात्र ॲपची नाही. इन्फ्रारेड हा एकतर्फी पत्रव्यवहार आहे. डबीनं ‘टीव्ही बंद हो’ असा सिग्नल सोडला, तो पोचला का, टीव्ही आधीच बंद होता का, मध्ये कुणी उभं होतं का, यातलं काहीही परत येऊन सांगायची सोय त्यात नाही. वर बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच. तोच कोड चालूही करतो आणि बंदही. म्हणजे सिस्टिमच्या लेखी टीव्ही चालू असेल आणि प्रत्यक्षात बंद, तर रात्री अकराला ‘सगळं बंद’ म्हटल्यावर टीव्ही बरोबर चालू होतो. आमच्याकडे झालंय. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तेव्हा रामरक्षा म्हटली होती की मला बोल लावला होता, ते आता आठवत नाही.

याला दोन उपाय. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींना चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा असे कोड असतात. रिमोटवर तशी बटणं नसली तरी टीव्हीला ते कळतात. ते शोधून वापरले की निम्मा घोळ संपतो. दुसरा उपाय म्हणजे वीज मोजणारा स्मार्ट प्लग. टीव्ही स्टँडबायला एखादा वॅटच खातो, चालू झाला की पन्नासच्या वर जातो. होम असिस्टंटला त्या आकड्यावरून ठरवायला सांगा आणि रिमोटच्या सिग्नलवर अजिबात विश्वास ठेवू नका.

एसीचं गणित आणखी वेगळं. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक कोड पाठवतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी स्थिती पाठवतो: मोड, तापमान, पंख्याचा वेग, स्विंग, सगळं एकाच लांब सिग्नलमध्ये. म्हणूनच तर त्याला स्क्रीन असते. सगळा हिशोब रिमोट ठेवतो, एसी नुसता ऐकतो. आता ‘तापमान वाढव’ हे बटण ब्लास्टरला शिकवलंत तर तो काय शिकणार? त्या क्षणी स्क्रीनवर जे होतं तेवढंच. १६ ते ३० अंश, त्यात कूल आणि ड्राय, त्यात पंख्याचे तीन वेग, असं एकेक शिकवत बसलात तर नव्वद नोंदी होतात, आणि स्विंग अजून धरलाच नाही. ते करू नका. छोट्या वायफाय बोर्डावर टाकायची टॅस्मोटा आणि ईएसपीहोम अशी सॉफ्टवेअर आहेत. टॅस्मोटाची आयआर आवृत्ती किंवा ईएसपीहोम, दोन्हींत एसीचे प्रोटोकॉल, म्हणजे त्यांच्या सिग्नलची भाषा, तयार मिळतात. आणि एसीवर नाव कुणाचंही असो, आतला प्रोटोकॉल बऱ्याचदा भलत्याच कंपनीचा निघतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, एकेक लावून बघा.

इथंच मी तयार डबी हॉलपुरती ठेवली आणि आतल्या खोलीसाठी स्वतः बनवली. ईएसपी८२६६ हा छोटा वायफाय बोर्ड, एक आयआर एलईडी, एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि ३८ किलोहर्ट्झचा रिसिव्हर. ट्रान्झिस्टर न लावता एलईडी थेट बोर्डाच्या पिनला जोडलेले व्हिडिओ खूप आहेत. पिनमधून मोजके मिलिअँपियर निघतात, सिग्नल टेबलाच्या पलीकडे जात नाही. सामान परभणीत सगळं मिळालं नाही. नवरा देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला कामाला जातो, त्यानं हैदराबादच्या कोठीतून आणलं. एलईडी पेटतो का ते बघायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो, जांभळट चमक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली तर पुढच्यात बघा.

या सगळ्यात कामाला आला तो रिसिव्हर. दुकानात ब्लास्टर घेताना किती लांब फेकतो, किती हजार मॉडेल ओळखतो एवढंच सांगतात. तो ऐकतो का, हे कुणी सांगत नाही. माझा तयार ब्लास्टर फक्त कोड शिकवतानाच ऐकतो, एरवी ठार बहिरा. आणि घरात तर प्रत्येकजण जुनाच रिमोट उचलणार. आमचे मामा म्हणजे सासरे मोबाइल उघडून एसी लावतील हे या जन्मी व्हायचं नाही, आणि का व्हावं? रिमोट उशाला आहे. म्हणून रिसिव्हर एसीच्या शेजारी चिकटवला. मामा रिमोट एसीकडे रोखतात, सिग्नल रिसिव्हरच्याही कानावर पडतो, ईएसपीहोम त्यातलं तापमान आणि मोड वाचून होम असिस्टंटला कळवतं. आता रिमोटनं २६ केलं तर माझ्या मोबाइलवरही २६ दिसतं. एक काळजी घ्या: आपलाच एलईडी सिग्नल सोडतो तेव्हा आपलाच रिसिव्हर तोही ऐकतो. तेवढ्यापुरतं त्याकडे दुर्लक्ष करायला सांगावं लागतं.

तरीही एसी खरंच थंड करतोय का, हे कळत नाही. मोजणारा १६ अँपियरचा प्लग लावणार होते, पण वायरमननं एसीच्या पॉइंटमध्ये असला प्लग खोचायला साफ नकार दिला. तासन्‌तास लोड राहिला की तो तापतो, म्हणाला, आणि बरोबर होतं त्याचं. मग डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा छोटा सेन्सर एसीच्या झडपेपाशी टेपनं लावला. खोलीच्या हवेपेक्षा झडपेची हवा आठ-दहा अंशांनी गार असेल तर कॉम्प्रेसर चालू, नाही तर नाही. कॉम्प्रेसर सुरू व्हायलाच तीनेक मिनिटं घेतो, त्यामुळे निकाल पाचव्या मिनिटाला बघायचा. खर्च चिल्लर, आणि खोटं बोलत नाही.

आता मराठवाड्यातला मुख्य प्रश्न, जो पहिल्याच दिवशी मामांनी विचारला: “पोरी, लाईट गेल्यावर तुझं हे काय करतंय?”

पंखे, टीव्ही, राउटर इन्व्हर्टरवर आहेत, एसी नाही. मे महिन्यात बाहेर ४३ असताना दुपारी लाईट गेली की घरातलं अर्धं चालू, अर्धं बंद. लाईट गेली हे सिस्टिमला कळायला वेगळं यंत्र लागत नाही. इन्व्हर्टरवर नसलेल्या एखाद्या पॉइंटला साधा स्मार्ट प्लग लावून ठेवा. तो ऑफलाइन झाला म्हणजे लाईट गेली, परत दिसला म्हणजे आली. त्यावर माझं ऑटोमेशन असं: गेली की आतला पंखा पूर्ण वेगावर, आली की पाच मिनिटं थांबायचं, व्होल्टेज स्थिर होऊ द्यायचं, मग एसीचा सिग्नल, तोही आधी चालू होता तरच. एसीला ऑटो रीस्टार्ट, म्हणजे लाईट आली की आपोआप सुरू व्हायची सोय, असेल तर हे दोघं एकमेकांच्या पायात येतात, एक बंद ठेवा. बीएलडीसी पंखा २८-३० वॅटवर चालतो, साधा ७५ च्या आसपास घेतो, त्यामुळे पूर्ण वेगावर ठेवला तरी बॅटरीची चिंता नाही.

होम असिस्टंट चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या असं सगळे सांगतात. मी जुना लॅपटॉप वापरते. वारंवार लाईट जाणाऱ्या घरात मेमरी कार्डवर चालणारा संगणक धोक्याचा, लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. शिवाय बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचा एक छोटा स्विच असतो. तो लावलेला नसला तर लाईट जाताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तो उठेपर्यंत घरातल्या सगळ्या डब्या मुक्या. आमचा स्विच वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूला होता, कुणाला माहीतच नव्हतं.

आता तो डीटीएच रिमोट. मागच्या वर्षी कनेक्शन बदललं, जुना बॉक्स गेला, रिमोट राहिला. मोठी बटणं, लाल-हिरवं-पिवळं-निळं, मामांच्या बोटांना पाठ. हॉलमध्ये एक रिसिव्हर लावला आणि त्या रिमोटचे कोड होम असिस्टंटला ओळखायला शिकवले. आता लाल बटण म्हणजे आतला एसी २६ वर, हिरवं म्हणजे हॉलचा पंखा, निळं म्हणजे कूलर, पिवळं म्हणजे झोपायची वेळ, सगळं बंद. ॲप नाही, पासवर्ड नाही, आणि रिसिव्हरचा खर्च एका कटिंगच्या आसपास. घरातल्या सगळ्या ऑटोमेशनमध्ये सर्वांनी विनातक्रार उचललेली ही एकच गोष्ट. कोड वाचताना एक खोच आहे. काही रिमोट आरसी५ पद्धतीचे असतात, त्यात दर दाबाला एक बिट उलटतं, म्हणजे एकाच बटणाचे आलटून पालटून दोन कोड दिसतात. रिमोट बिघडलेला नाही, दोन्ही कोड नोंदवून टाका.

बोलून चालवायचं म्हणाल तर अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळतं. आत्याबाईंनी पंख्याला हिंदीत विनंती करायला नकार दिला. विषय संपला.

फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड कळतच नाही, तिचा रिमोट ब्लूटूथवर. ब्लास्टर कितीही चांगला असो, तिच्यापुढे उपयोग नाही. ती होम असिस्टंटला नेटवर्कवरून जोडावी लागते. आणखी एक, पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन टीव्हीवर पडत असेल तर संध्याकाळी साडेचार-पाचला रिमोट अडखळतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, रिसिव्हर त्यात हरवतो. पडदा लावा. आणि एका खोलीत एकाच कंपनीचे दोन पंखे असले तर एका सिग्नलला दोन्ही हलतात, त्यावर मला अजून सोपा तोडगा सापडलेला नाही.

कूलरला रिमोट नाही, पण उन्हाळ्यात घरात सर्वांत जास्त चालतो तोच. त्याचा पंखा आणि पंप वेगवेगळ्या रिलेवर, म्हणजे होम असिस्टंटच्या हुकमानं चालणाऱ्या स्विचवर, घेतले, वायरमनकडूनच. आधी पाच मिनिटं पंप, वाळा भिजला की पंखा. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कूलर नुसती चिकचिक करतो. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की पंप आपोआप बंद, पंखा चालू. हे युनिव्हर्सल रिमोटचं काम नव्हेच, पण निळ्या बटणावर आहे म्हणून सांगितलं. बोअरची मोटर मी मुद्दाम जोडलेली नाही. कोरडी चालून जळली तर तिचा खर्च या सगळ्या सामानाच्या दुप्पट येईल.

भाड्याच्या घरात असाल तर कूलरचा रिले सोडून बाकी सगळं करता येतं. भिंत फोडावी लागत नाही, बोर्ड उघडावा लागत नाही, घर बदलताना डब्या उचलून पिशवीत टाकायच्या. फक्त नव्या घरातल्या एसीचा प्रोटोकॉल पुन्हा शोधावा लागेल, त्याला एक संध्याकाळ धरा.