एएस की इंड एएस? आमच्या गाळ्यांनी लावलेला निकाल

कंपनीचे हिशेब मांडायला आपल्याकडे दोन मानकसंच आहेत : जुनी एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड्स) आणि आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली इंड एएस. नेटवर्थ २५० कोटींच्या आत, शेअर बाजारात नोंदणी नाही, होल्डिंग कंपनीही इंड एएसमध्ये नाही, तर जुनी एएस ठेवायची की स्वेच्छेने इंड एएसवर जायचं, हे कंपनीने ठरवायचं. अंबडमधली आमची कंपनी याच गटातली. परदेशी गुंतवणूकदाराने ‘तुमचे हिशेब आयएफआरएसच्या जवळचे हवेत’ म्हटलं, तेव्हा मी एक पूर्ण वर्ष दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडून पाहिला.

अधिकाराच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. मसुदा आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या १९७७ पासूनच्या अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्डाचा, शिफारस आता एनएफआरए या सरकारी नियामक संस्थेची, अधिसूचना कंपनी व्यवहार मंत्रालयाची. मांडणीत मात्र इंड एएस सरस आहे, हे मोकळेपणाने सांगतो. आयएफआरएस १६ म्हणजे इंड एएस ११६, आयएएस (आयएफआरएसच्या आधीची आंतरराष्ट्रीय मानकं) २ म्हणजे इंड एएस २; क्रमांकावरूनच मूळ मानक सापडतं आणि त्यापासून कुठे फारकत घेतली ते शेवटच्या परिशिष्टात मिळतं. जुन्या एएसमध्ये घसाऱ्याचं एएस ६ शोधायला गेलात तर ते एएस १० मध्ये विलीन झालेलं, आणि संशोधन-विकास खर्चाच्या एएस ८ ची जागा एएस २६ ने घेतलेली.

मग अडलं कुठे? भाड्याच्या गाळ्यांवर.

आमच्याकडे पाच गाळे भाड्याने आहेत. त्यातला एक घ्या : महिना ४० हजार, करार ३ वर्षांचा, डिपॉझिट बाजूला ठेवू. भाडेकरारांच्या एएस १९ प्रमाणे वर्षाला ४ लाख ८० हजार भाडं खर्ची पडलं, विषय संपला. त्याच विषयाच्या इंड एएस ११६ मध्ये, तीन वर्षांच्या भाड्याचं १० टक्के दराने आजचं मूल्य काढून, सुमारे १२ लाख ४० हजारांची मालमत्ता आणि तेवढंच देणं ताळेबंदात आलं. घसारा आणि व्याज मिळून पहिल्या वर्षाचा खर्च सुमारे ५ लाख २० हजार. पुढे तो उतरतो, तीन वर्षांची बेरीज तीच राहते. एवढंही चाललं असतं. पण मुदत संपत आली तेव्हा मालकांनी फोनवर सांगितलं, ‘अहो, दिवाळीपर्यंत राहा, जुन्याच भाड्यात.’ झालं, मुदत बदलली, नवा व्याजदर ठरवा, देणं पुन्हा मोजा. पाच गाळ्यांत वर्षभरात असं चार वेळा झालं आणि दर वेळी ऑडिटरचा तोच प्रश्न : हा दर कुठून आणला? शिवाय ताळेबंदातलं देणं वाढलेलं पाहून बँकेने विचारलं ते वेगळंच.

तुमचं भाडं किरकोळ असेल, किंवा दोन-तीन वर्षांत लिस्टिंगचा विचार असेल, तर इंड एएसवर आत्ताच जाणं कदाचित शहाणपणाचं ठरेल. इतरांना मी थोडं थांबा म्हणेन. एकदा इंड एएस स्वीकारलं की परत एएसवर येता येत नाही. एएसवरून तिकडे मात्र कधीही जाता येतं. उलाढाल २५० कोटींपर्यंत आणि कर्ज ५० कोटींपर्यंत असेल, तर एसएमसी (लघु व मध्यम कंपनी) म्हणून एएस १७ (व्यवसायाची विभागवार माहिती) सारख्या काही मानकांतून सवलतही मिळते.

आम्ही एएसवरच राहिलो. गुंतवणूकदाराला दरवर्षी ताळेबंदासोबत गाळ्यांचा वेगळा तक्ता देतो, आणि तो त्यांना पुरतो.