मातीआड विकलेले चिलखत

1977 साली प्रदर्शित झालेल्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात वाळवंटात फिरणारे धुळकटलेले पांढरे सैनिक दिसतात. आम्ही हौशी मंडळी त्यांना सँडट्रूपर म्हणतो. त्यांचा पोशाख पडद्यावर दिसतो तसा तंतोतंत जुळवून घरातील पुतळ्यावर उभा करावा, अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. त्या इच्छेपायी इंग्लंडमधल्या माझ्या वास्तव्यात मी 980 पौंड घालवून बसलो. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण नाव बदलून तो उद्या पुन्हा दुकान मांडील. त्याची पद्धत लोकांना ठाऊक असणे अधिक गरजेचे आहे.

आधी हे चिलखत कसे बनते ते सांगणे भाग आहे. एबीएस प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा मऊ होईपर्यंत तापवून साच्यावर अंथरतात आणि खालची हवा खेचून घेऊन त्याला साच्याचा आकार देतात. चित्रपटासाठीचे साचे हाताने घडवलेले होते, त्यामुळे मूळ हेल्मेटची डावी आणि उजवी बाजू एकसारखी नाही, आणि जाणकार नेमके ते वाकडेपणच शोधत असतो. काही विक्रेते मात्र स्वतः साचा घडवण्याची किंवा मूळ वस्तूचा माग काढण्याची तसदी घेत नाहीत. दुसऱ्याने मेहनतीने तयार केलेला संच विकत घेऊन त्यावरूनच आपला साचा उतरवतात. याला रीकास्ट म्हणतात. नकलेची नक्कल होताना कडा बोथट होतात, बारीक उंचवटे विरघळल्यासारखे दिसतात आणि मापेही बदलतात.

माझा विक्रेता या विषयात अडाणी मुळीच नव्हता, आणि मी फसलो तो त्याच्या माहितीलाच. मूळ चिलखते बनवणारे अँड्र्यू एन्सवर्थ आणि चित्रपटाची निर्माती कंपनी लुकासफिल्म यांच्यातील खटल्याचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली दिला आणि हेल्मेट हे शिल्प ठरत नाही असे म्हटले, हे त्याने मला अगदी बरोबर सांगितले. पुढच्याच वाक्यात त्याने ‘म्हणून माझे साचे अस्सल वंशावळीतले आहेत’, म्हणजे मूळ वस्तूंवरूनच उतरलेले आहेत, असे ठोकून दिले. त्या निकालाचा आणि याच्या साच्यांच्या अस्सलपणाचा काडीचाही संबंध नाही, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. खऱ्या माहितीच्या पाठीवर बसवून खोटे विधान पुढे ढकलले की ते खपून जाते.

कच्चा, म्हणजे न मळवलेला संच हवा असेल तर चार महिने थांबावे लागेल, मळवून तयार असलेला एक संच मात्र हाताशी आहे, असे तो म्हणाला, आणि मळवण्याचे वेगळे 180 पौंड सांगितले. पुण्यातल्या माझ्या आईला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा कपडे मळवण्याचे पैसे घेणारा धोबी तिने जन्मात पाहिला नसल्याचे तिने ऐकवले. मी हसलो खरा. पण चिलखतावर धूळ चढवणे हे खरोखर कौशल्याचे काम आहे. तपकिरी छटांचे ॲक्रिलिक पातळ करून लावायचे, सुकण्याआधी फडक्याने पुसून फक्त खाचांत ठेवायचे, वर मुलतानी माती भुरभुरायची, आणि हे सारे मॅट वार्निशने बसवायचे. नडगी, गुडघे आणि सांधे जास्त मळतात, खांदे कमी. चालणाऱ्या माणसाच्या अंगावर धूळ कुठून चढते याचा विचार त्यामागे असतो.

माझ्या घरी आलेल्या संचावर मात्र छातीपासून पायापर्यंत सगळीकडे सारखीच माती होती. मला ते केवळ ढिसाळ काम वाटले. आपणच नीट करू म्हणून मी डावी नडगी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला घेतली. मातीखाली पांढरा स्प्रेचा रंग निघाला, आणि रंगाखाली मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायला वापरतात ती करडी लांबी. चित्रपटातील चिलखताचे तुकडे रंग न दिलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकचेच होते. विक्रेत्याला विचारले, तर ‘मूळ वस्तूंनाही रंग होता’ असे उत्तर आले. हेही अर्धेच खरे होते: रंग होता तो स्टंट हेल्मेटांना, म्हणजे धावपळीच्या दृश्यांत वापरलेल्या हेल्मेटांना, कारण ती वेगळ्या प्लॅस्टिकची होती.

मग मी एकेक तुकडा धुऊन काढला. दंडाला दोन तडे होते. हेल्मेटच्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या होत्या, म्हणजे कोणीतरी त्या संगणकावर जुळवून घेतल्या असाव्यात. पहिल्या चित्रपटात गालांवरचे निळे पट्टे हाताने रंगवलेले आहेत. येथे स्टिकर चिकटवले होते. प्लॅस्टिकचा कपटा मी लिमोनीन नावाच्या द्रावकात रात्रभर बुडवून ठेवला, तो सकाळी चिकट लगदा झाला. एबीएसला लिमोनीन असे विरघळवत नाही. हे हिप्स नावाचे स्वस्तातले प्लॅस्टिक होते. जाहिरातीतील छायाचित्रे मी प्रतिमाशोधात टाकली, तेव्हा ती अमेरिकेतल्या एका हौशी कारागिराची निघाली. हा शोध पैसे देण्यापूर्वी घ्यायला मला पाच मिनिटेही लागली नसती.

पैसे परत मिळवण्याची वाट मी स्वतःच बंद केली होती. शुल्क वाचेल म्हणून पेपालवर ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकाराने रक्कम पाठवा, असे त्याने सुचवले होते, आणि त्या प्रकाराला खरेदीदाराचे संरक्षण लागू नसते. ब्रिटनमध्ये व्यावसायिकाकडून 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतची वस्तू थेट क्रेडिट कार्डावर घेतली, तर 1974 च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते; मी कार्ड वापरलेच नव्हते. लहान दाव्यांच्या न्यायालयात जायचे, तर प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि त्याचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी निघाली.

यावेळी मी मातीचा कणही न लागलेला, कडाही न कापलेला संच मागवला आहे. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागितले, शेजारी माझे नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. एका विक्रेत्याने त्यावर उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने तासाभरात चौदा छायाचित्रे पाठवली, त्याच्याकडून घेतला. जुनी डावी नडगी टेबलावर आहे, आणि तिच्यावर मी मुलतानी माती बसवण्याचा सराव करतो.