एक खिळा, सात पंक्चर

कागलकडून कोल्हापुरात येताना हायवेवरच्या एका टपरीवर आमच्या ओळखीतल्या गाडीवाल्यांना हा फटका बसला. मागच्या टायरमध्ये एक खिळा. रात्री हवा 33 पीएसआय, सकाळी 29. पंक्चरवाल्याने चाक काढून टपरीमागे नेलं आणि थोड्या वेळाने हाक मारली, "साहेब, सात आहेत. फेस बघा." फेस खरंच सात ठिकाणी येत होता. सात स्ट्रिपांचे, म्हणजे भोकात ठासायच्या रबरी पट्ट्यांचे पैसे घेतले आणि वर "टायर गेलाय, नवा टाका, आपल्याकडे आहे" हा सल्लाही दिला.

हिशेब सरळ आहे. सात उघडी भोकं असती तर सकाळी टायर रिमवर बसलेला दिसला असता. रात्रभरात 4 पीएसआय उतरते ती रुतलेल्या एका खिळ्याने. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला आवळून धरतं, हवा हळूहळू झिरपते. म्हणूनच वाटेत खिळा उपटायचा नाही. हवा भरून दुकान गाठायचं.

बाकीची सहा भोकं पंक्चरवाल्याच्या टोच्याची, म्हणजे टोकदार हत्याराची. साबणपाण्याच्या फडक्याखाली टोच्या लपवतात, फडकं फिरवता फिरवता टोचतात. बहुधा नक्षीच्या खाचेतच, कारण तिथे रबर पातळ असतं. खिळ्याचं डोकं रस्त्यावर घासून चकाकत असतं, भोवती माती बसलेली असते. टोच्याचं भोक कोरं, आत काही नाही.

पैसे गेले ते गेले, खरं नुकसान टायरचं होतं. भोकातून पाणी आत शिरलं की स्टीलच्या तारा गंजतात. आणि टोच्या कडेला, म्हणजे साइडवॉल किंवा शोल्डरला लागला असेल तर तो टायर दुरुस्त होत नाही. तो भाग चालताना सतत वाकतो, तिथे स्ट्रिप टिकत नाही. असा टायर घेऊन करूळ घाट उतरायच्या भानगडीत कुणी पडू नये.

स्ट्रिपसाठी चाक काढावं लागतंच असं नाही. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागचं असेल तर खिळा हाताशी येईपर्यंत गाडी थोडी पुढे घ्या. आधी खिळ्याभोवती खडूने गोल करा. मग गाडीतल्याच बाटलीतलं साबणपाणी आपल्या हाताने सगळ्या टायरवर मारा आणि कुठे कुठे फेस येतो त्याचा फोटो काढून ठेवा. त्यानंतरच दुसऱ्याचा हात लागू द्या. दर आधी ठरवा, 'एका स्ट्रिपचे' असा. चाक काढलंच तर त्याच्यासोबत टपरीमागे जा; चहा नंतर पिता येतो.

नवा टायर गळ्यात मारत असतील तर साइडवॉलवरचे डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला माल, नवा म्हणून घ्यायचा नाही. स्टेपनीत हवा असेल तर टपरीवर अडून राहायची गरजच नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 या महामार्ग हेल्पलाइनवर फोन करा.

आधीच फसला असाल तर शहरातल्या चांगल्या टायरवाल्याकडे टायर रिमवरून उतरवून आतून बघून घ्या. खिळ्याच्या जागी आतून पॅच बसतो. भोकं एकमेकांना खेटून असतील तर मात्र तो टायर स्टेपनीलाही ठेवू नका.