भावना सांगणाऱ्या बोली इंग्रजीसाठी अँकी: ॲप घ्या, तयार डेक नको

बोलण्यातल्या इंग्रजीत मनःस्थिती सांगणारे वाक्प्रचार पक्के करायला अँकी हे कार्डांचं ॲप फार कामाचं आहे. मात्र तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला कार्डांचा संच, उतरवून घेतला, तर मेहनत वाया जाते. त्यात बहुधा एका बाजूला ‘फेड अप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वैतागलेला’ एवढंच असतं. अर्थ पाठ होतो, वाक्य तोंडात येत नाही.

आपल्या मराठीत भावना माणसाकडे येते: मला कंटाळा आला, मला टेन्शन आलं. इंग्रजीत माणूसच कर्ता: ‘आय ॲम बोअर्ड’, ‘आय ॲम स्ट्रेस्ड आउट’. इथेच घसरून ‘आय ॲम बोअरिंग’ निघतं, म्हणजे ‘मी रटाळ माणूस आहे’! म्हणून कार्डावर पूर्ण वाक्यच हवं.

त्यासाठी ‘क्लोझ’, म्हणजे गाळलेली जागा भरण्याचा कार्डप्रकार निवडा. वर मराठीत प्रसंग लिहा: ‘तीच सबब तिसऱ्यांदा ऐकली, वैताग आला.’ खाली ‘आय ॲम फेड अप विथ हिज एक्स्क्यूझेस’. ‘फेड अप’ला 1 आणि ‘विथ’ला 2 क्रमांक देऊन झाका, एका नोंदीतून दोन कार्डं निघतात. चुकतं ते बहुतेक वेळा ‘विथ’च.

मागच्या बाजूला भावनेची तीव्रता, कुणाशी बोलताना चालेल आणि ब्रिटिश की अमेरिकन, हे लिहाच. ‘पिस्ड’ अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये दारू चढलेला. ‘आय फील डाउन’ म्हणजे मन खट्टू आहे, तर ‘आय ॲम डाउन फॉर इट’ म्हणजे माझी तयारी आहे. ‘अंडर द वेदर’ उदासपणासाठी सर्रास वापरतात, पण त्याचा नेहमीचा अर्थ तब्येत जरा बरी नसणं.

ॲप रोज 20 नवी कार्डं देतं. वाक्प्रचारांना हा आकडा फार होतो, सेटिंगमध्ये 5 करा. ‘गटेड’ आणि ‘बम्ड आउट’ दोन्ही हिरमोड झाल्याचे, ते एकाच दिवशी घेतले की हमखास गोंधळ होतो.

उत्तर पाहिल्यावर दाबायच्या बटणांचीही एक चूक नेहमीची: आठवलं नाही तरी ‘हार्ड’ दाबणं. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलात तर ‘अगेन’च दाबा, नाहीतर न येणारं कार्ड लांबच्या तारखेला जातं.

अँकी उणं पडतं ते लहेजात. ‘आय ॲम फाइन’ खरंच बरं असल्याचं की रुसल्याचं, हे सुरावरून कळतं आणि कार्डावर सूर नसतो. त्यासाठी यूग्लिशवर तोच वाक्प्रचार शोधा. यूट्यूबच्या व्हिडिओंत तो जिथे उच्चारलाय नेमक्या त्या जागा मिळतात, ब्रिटिश-अमेरिकन निवडताही येतं. पाच-सहा ऐकून मगच कार्ड बनवा.

एखादं कार्ड 8 वेळा विसरलं की अँकी त्यावर ‘लीच’ अशी खूण करतं. ते घोकत बसू नका. प्रसंग बदलून नवं वाक्य लिहा, जुनं काढून टाका.