टेक्सासमधून ये-जा करायची की बिऱ्हाडच हलवायचं? न्यू मेक्सिको आणि मिनेसोटा

टेक्सासच्या एसबी १४ या कायद्याने १ सप्टेंबर २०२३ पासून अठराखालच्या ट्रान्सजेंडर मुलांचे ब्लॉकर (वयात येणं थांबवणारी औषधं) आणि हार्मोन बंद केले, हे टेक्सासातल्या पालकांना सांगायला नको. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेनेसीची तशीच बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवली. त्यामुळे आता प्रश्न उरतो तो राज्य निवडण्याचा.

डॅलसमध्ये राहून लेकीच्या उपचारांसाठी आम्ही आधी शेजारचं न्यू मेक्सिको धरलं. तिथले २०२३ चे दोन्ही कायदे भक्कम आहेत. एचबी ७ मुळे सरकारी संस्थांना उपचार नाकारता येत नाहीत आणि एसबी १३ मुळे परराज्याच्या चौकशीला पेशंटची माहिती मिळत नाही. नोकरी, घर, लेकीची शाळा, काहीच सोडावं लागत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर कदाचित हाच मार्ग बरा.

आम्हाला नकोसं झालं ते व्हिडिओ अपॉइंटमेंटचं. पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स डॉक्टरला लागतं. म्हणून पंधरा मिनिटांच्या बोलण्यासाठी सहा-सात तास गाडी हाकत सीमेपलीकडच्या क्लोव्हिसला जायचं. तिथल्या पार्किंगमध्ये फोन डॅशबोर्डला टेकवला की पहिला प्रश्न यायचा, "आत्ता तुम्ही कुठल्या राज्यात आहात?" लेक मागच्या सीटवर गणिताची वही मांडीवर घेऊन बसलेली असायची. बोलणं संपलं की गाडी परत टेक्सासकडे. म्हणजे ज्या राज्याच्या गव्हर्नरने फेब्रुवारी २०२२ मध्ये अशा उपचारांची बालछळ म्हणून चौकशी करायला सांगितलं, रात्री झोपायला तिथेच. न्यू मेक्सिकोचा कायदा तिथल्या डॉक्टरला आणि फाइलला सांभाळतो, आपल्या डॅलसच्या घराला नाही.

मिनेसोटाचा एप्रिल २०२३ चा कायदा आम्हाला इथेच उजवा वाटला. उपचार घेऊ दिले म्हणून मूल आईवडिलांकडून काढून घ्यायची मुभा देणारा परराज्याचा कायदा मिनेसोटाची कोर्टं लागू करत नाहीत. घटस्फोट झालेला असेल, ताब्याचा वाद असेल, तर हे कलम वकिलाकडून आधी नीट समजून घ्या.

हलणं महाग पडतं. एच-१बी व्हिसावर नोकरी असेल तर नव्या शहरासाठी कंपनीला अमेंडमेंट (दुरुस्तीचा अर्ज) भरावी लागते, त्यात ती चालढकल करते. जानेवारी २०२५ पासून मिनेसोटातल्या विमा योजनांना हे उपचार कव्हर करावे लागतात, पण कंपनीची योजना सेल्फ-फंडेड असेल, म्हणजे उपचारांचे पैसे कंपनी स्वतःच भरत असेल, तर हा नियम तिला लागत नाही. एचआरला तेवढं लेखी विचारा.

दोन्ही राज्यांची ढाल इतर राज्यांपुरतीच, वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारपुढे ती अपुरी पडते. हे उपचार रोखू पाहणाऱ्या जानेवारी २०२५ च्या केंद्रीय आदेशानंतर देशभर कित्येक हॉस्पिटलांनी हात आखडता घेतला. म्हणून राज्य ठरवण्याआधी क्लिनिक गाठा, नवे पेशंट घेतात का आणि केंद्राने रेकॉर्ड मागितले तर काय करणार, हे विचारा. दोन्हीकडे उत्तर सारखंच मिळालं आणि नोकरी हलवता येत असेल, तर मी मिनेसोटाच म्हणेन.