स्लिकमध्ये ट्यूब घालावी की ट्यूबलेसच ठेवावं?

ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी, बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांच्या) स्लिकची, म्हणजे खाचा नसलेल्या टायरांची जोडी घेतली की रिमवर चढवण्याआधी हे ठरवावं लागतं. मी दोन्ही वापरलं आहे, आधी एक सीझन ट्यूबलेस आणि नंतर ट्यूब. रेडियल स्लिकचं गणित वेगळं, तिथे सहसा ट्यूब घालतच नाहीत.

ट्यूबलेसच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा वजनाचा. ट्यूबचं वजन चाकाच्या बाहेरच्या अंगाला बसतं आणि दर लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, इंजिनाला तेही फिरवावं लागतं. माझ्या गाडीत पहिल्या ६० फुटांच्या वेळेत काही फरक जाणवला नाही. गाडी हलकी आणि ताकद बेताची असेल तर कदाचित जाणवेलही. ट्यूबलेस टायर बसवणं सोपं, बॅलन्सिंगलाही कमी त्रास.

मला नडली ती हवा. लाँचच्या वेळी साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) सुरकुती पडावी म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवलेली असते, आणि पातळ रबरातून हवा झिरपते. त्यात टायर रिमवर घसरू नये म्हणून मारलेले स्क्रू, म्हणजे गळायला आणखी वाटा. गळती दोन्हीकडे सारखी असती तरी चाललं असतं, पण तशी ती कधीच नसायची. रोजच्या गाडीत ३० पौंडांतला अर्धा पौंड कोणी मोजत नाही, पण स्लिकमध्ये १२ पौंडच असताना तोच अर्धा पौंड गाडीची दिशा बदलतो. पिटमध्ये गेज लावून दोन्ही टायर जुळवायचे, रांगेत थांबायचं, आणि हिरवा दिवा लागला की गाडी डावीकडे ओढायची. मी दोन दिवस मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) बदलत बसलो. शेवटी रांगेतच गेज लावला तेव्हा डावा टायर उतरलेला दिसला. आतून साबणाचं पाणी फिरवून पाहिलं. गळती कमी झाली, पण दोन्ही टायर काही सारखे राहिले नाहीत.

ट्यूब घातल्यावर संध्याकाळी भरलेली हवा सकाळी तेवढीच मिळाली. उन्हाकडचा टायर तापून वर चढतो, त्याला ट्यूब काही करू शकत नाही. तो झाकूनच ठेवावा लागतो. पण ओढणं थांबलं. ४०२ मीटरच्या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात गाडीचं मागचं अंग आधी डोलायचं, तेही कमी झालं. ट्यूबमुळे साइडवॉलला थोडा आधार मिळत असावा. मोजमाप माझ्याकडे नाही, हाताला स्टिअरिंग जसं लागलं तसं सांगतोय.

ट्यूबचा खरा धोका एकच, पण तो मोठा आहे. टायर रिमवर घसरला तर ट्यूबलेसमध्ये बहुतेक वेळा बॅलन्स जातो. ट्यूब मात्र टायरबरोबर फिरते, व्हॉल्व्ह रिमच्या भोकातच अडकलेला राहतो आणि मुळापासून फाटतो. मग हवा एका क्षणात जाते, तीही भर वेगात. म्हणून ट्यूब घालणार असाल तर रिम स्क्रू हवेतच, पण बीडमध्येच, म्हणजे रिमला धरणाऱ्या टायरच्या जाड कडेतच, संपतील एवढ्याच लांबीचे. टायर आणि रिम दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवा. दर रनला ती बघितली की घसरण लगेच कळते.

बसवताना घाई करू नका. आत टाल्कम पावडर लावा. हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या सुटतात. व्हॉल्व्हचा नट लगेच आवळू नका. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये कोंडलेली हवा त्याच भोकातून बाहेर पडते. ती आत राहिली तर ट्यूब टायरला नीट चिकटत नाही आणि गाडी थरथरते.

गाडी फारच हलकी असेल आणि प्रत्येक रनआधी रांगेत गेज लावायची तयारी असेल, तर ट्यूबलेसला नाही म्हणणार नाही. मी स्वतः पुढच्या जोडीबरोबर दोन नव्या ट्यूबही मागवल्या आहेत.